शनिवारची मंडळी

(दृश्य : पहाटेच्या उजेडातील पऱ्हाटी. गावाच्या चौकात बाजाराची पाले उभी राहत आहेत.)

निवेदन :

यवतमाळ जिल्ह्यातील या गावाचा आठवडी बाजार शनिवारी भरतो. त्याच दिवशी मारुतीच्या देवळासमोर तेल आणि रुईच्या पानांच्या माळा घेऊन माणसांची रांग लागते, आणि कापूस वेचणीच्या हंगामात आठवडाभराची मजुरीही त्याच दिवशी हातात पडते. गावाचा सगळा व्यवहार ज्या एका दिवसाभोवती फिरतो, त्या दिवशी वस्तीतील काही कुटुंबे मात्र वेचणीला जात नाहीत, काही विकत नाहीत आणि काही विकत घेतही नाहीत. धुतलेले कपडे घालून, काखेत पवित्र शास्त्र आणि शब्बाथ शाळेचे पाठपुस्तक घेऊन ती बाजाराला वळसा घालून टिनाच्या छपराच्या एका साध्या प्रार्थनागृहाकडे निघतात. गावात त्यांना ‘शनिवारवाले’ म्हणतात. ही मंडळी सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाची आहे; शनिवार हाच त्यांचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस.

ख्रिस्ताचे नाव विदर्भाला नवे नाही. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. पुढे अकोला, अमरावती, खामगाव या भागात अलायन्स मिशनने, तर यवतमाळात फ्री मेथडिस्ट मिशनने काम उभे केले. १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्याला हलेपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळातच होती. हे सारे ख्रिस्ती रविवारी उपासना करणारे होते. त्यामुळे या गावात कोणी प्रथम शनिवारचे नाव काढले, तेव्हा वाद झाला तो शेजारच्या हिंदू घरांशी नव्हे, तर रविवारी चर्चला जाणाऱ्या आपल्याच सोयऱ्यांशी. शनिवारचा उपास धरणाऱ्या शेजाऱ्याला शनिवार पाळणारा माणूस समजण्यात काहीच अडचण नव्हती. अडचण होती ती काकांना आणि मामांना, कारण त्यांच्या दृष्टीने हा त्यांच्या रविवारवर ठेवलेला ठपका होता. जुनी माणसे आजही तो काळ आठवताना आवाज खाली आणून बोलतात.

(दृश्य : खाटेवर उघडे पवित्र शास्त्र. त्यावर उन्हाची तिरीप.)

या शनिवारचे मूळ शोधायचे तर अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या वस्त्यांपर्यंत जावे लागते. विल्यम मिलर नावाच्या शेतकरी-उपदेशकाच्या शिकवणीतून उभ्या राहिलेल्या चळवळीतील हजारो माणसांना २२ ऑक्टोबर १८४४ या दिवशी ख्रिस्त परत येणार अशी खात्री वाटत होती. न्यू हॅम्पशायर राज्यातील एका शेतकऱ्याने तर त्या वर्षीचे बटाटे जमिनीतून काढलेच नाहीत. प्रभू येणार असेल तर पीक कशाला काढायचे, असा त्याचा साधा हिशोब होता. तो दिवस उजाडला आणि मावळला. बटाटे मात्र उशिरा काढल्यामुळे त्या वर्षीच्या कुजीतून वाचले आणि चांगल्या भावाने विकले गेले. उभ्या पिकावरचा हा विश्वास आणि त्यानंतरचा हा भाव, दोन्ही गोष्टी विदर्भातील शेतकऱ्याला समजावून सांगाव्या लागत नाहीत.

त्या निराशेनंतर जे थोडे लोक शास्त्र पुन्हा चाळत बसले, त्यांच्यापर्यंत शनिवारचा विचार पोहोचवण्यात रेचल ओक्स या बाईंचा मोठा वाटा होता. त्या शनिवार पाळणाऱ्या सेव्हन्थ डे बाप्टिस्ट पंथाच्या होत्या आणि न्यू हॅम्पशायरमधील वॉशिंग्टन या खेड्यातील छोट्या मंडळीला दहा आज्ञांपैकी चौथी आज्ञा सातव्या दिवसाच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याविषयी आहे, हे त्यांनी आग्रहाने दाखवून दिले. १८६० मध्ये या लोकांनी आजचे नाव घेतले आणि मे १८६३ मध्ये मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे पंथाची रीतसर स्थापना केली. तेव्हा त्यांची संख्या साडेतीन हजारांच्या आसपास होती.

भारतात हे लोक उपदेशक म्हणून नव्हे, तर पुस्तकविक्रेते म्हणून आले. १८९३ मध्ये विल्यम लेंकर आणि ए. टी. स्ट्रूप हे दोघे मद्रासला उतरले. १८९५ मध्ये जॉर्जिया बरस कलकत्त्याला आल्या आणि बंगाली शिकून कामाला लागल्या. महाराष्ट्रात पुढे पुणे हे या कामाचे मोठे केंद्र झाले. ओरिएंटल वॉचमन हे प्रकाशनगृह तेथे होते आणि १९१५ मध्ये कोइम्बतूरला सुरू झालेली शाळा, जिचे पुढे स्पायसर महाविद्यालय झाले, ती १९४२ मध्ये पुण्यालाच आली. व्हॉइस ऑफ प्रॉफेसी नावाचा टपालाने शिकवला जाणारा पवित्र शास्त्राचा अभ्यासक्रमही पुण्याहून चालत असे.

(दृश्य : कवेलूचे घर, छपरी, भिंतीतील कोनाडा.)

या गावात शनिवार आला तो या टपालातून. पाकिटातून पाठ यायचा, त्यासोबत प्रश्नपत्रिका यायची, उत्तरे लिहून परत धाडली की पुढचा पाठ मिळायचा. आजच्या मंडळीचे जे वडील, म्हणजे मंडळी सांभाळणारे ज्येष्ठ, आहेत, त्यांचे आजोबा सालदार होते आणि त्यांना जेमतेम वाचता येत होते. आजीला अक्षरओळख नव्हती. दिवसभर वावरात राबून आलेला तो माणूस कंदिलाच्या उजेडात एकेक ओळ मोठ्याने वाचायचा आणि आजी भाकरी थापता थापता ऐकायची. घरात सांगतात की उत्तरे आजोबांनी लिहिली, पण निर्णय आजीने घेतला. ती शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत चूल विझवू लागली.

शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत पाळायचा असतो आणि शुक्रवार हा तयारीचा दिवस असतो. सारवण, धुणे, अंघोळी आणि दुसऱ्या दिवसाचा स्वयंपाक हे सगळे दिवस बुडण्यापूर्वी आटोपायचे. ही गोष्ट पुस्तकात सोपी दिसते. मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना, शुक्रवारी शिजवलेले वरण शनिवारी दुपारपर्यंत आंबते, हे पुण्याहून पाठ लिहून पाठवणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे. येथील बायांनी त्यावर स्वतःच तोड काढली : उन्हाळ्यात दशम्या, कोरडी चटणी आणि कांदा, पावसाळा लागल्यावर वरण-भात.

बाप्तिस्मा, म्हणजे पंथात येण्याचा विधी, पाण्यात बुडवून द्यायचा असल्यामुळे तोही पाण्याच्या मर्जीवर अवलंबून होता. उन्हाळ्यात नाला कोरडा आणि विहिरीला तळ दिसणारा, म्हणून पहिल्या बाप्तिस्म्यासाठी पाऊसकाळ सरेपर्यंत थांबावे लागले.

खरी किंमत मोजावी लागली ती मजुरीत. वेचणीचा दर किलोवर असतो. एक दिवस घरी बसणे म्हणजे तेवढ्या किलोंचे पैसे जाणे, आणि हंगामात कापूस फुटलेला असताना शनिवारी न येणाऱ्या बाईला सोमवारी कोण बोलावणार, हाही प्रश्न होताच. काही कुटुंबे या कारणाने मागे फिरली. मंडळी त्यांना दोष देत नाही आणि या चित्रफितीनेही देऊ नये. जी टिकली, त्यांच्यातील बायांनी हळूहळू आपली वेगळी टोळी केली आणि रविवारी, जेव्हा इतर मजूर मिळणे अवघड असते, तेव्हा वावरात उतरण्याची तयारी दाखवली. शेतकऱ्यांना ती सोय वाटू लागली. धर्माच्या वादाने जे साधले नव्हते, ते रविवारच्या वेचणीने साधले.

(दृश्य : प्रार्थनागृहाचा आतील भाग. सतरंज्या, एका बाजूला काही बाक, पितळी घमेली.)

छपरीतील शब्बाथ शाळेतून आधी एक लहान गट झाला आणि पुढे त्याला संघटित मंडळी म्हणून मान्यता मिळाली. या पंथात स्थानिक मंडळीकडे इमारतीची मालकी नसते. ती पंथाच्या नोंदणीकृत संस्थेच्या नावे असते. दशांश, म्हणजे सभासदांनी दिलेला उत्पन्नाचा दहावा हिस्सा, तोही गावात राहत नाही. तो वरच्या कार्यालयाकडे जातो आणि तेथून पाळकांचे वेतन निघते. एका पाळकाकडे अनेक गावे असल्याने ते मोटारसायकलवरून पाळीपाळीने येतात. उरलेल्या शनिवारी वडीलच उपदेश करतात, आणि ते स्वतः शेतकरी असल्याने त्यांच्या उपदेशात बोंडअळी येतेच.

दर तीन महिन्यांनी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करणारा विधी, होते. द्राक्षरस न आंबवलेला हवा असतो, म्हणून मनुका आदल्या दिवशी भिजत घालून त्यांचे पाणी गाळले जाते. त्याआधी पाय धुण्याचा विधी होतो : पुरुष पुरुषांचे, बाया बायांचे पाय धुतात. बाहेरून पाहणाऱ्याला यात जातीची भिंत कोसळताना दिसावी असे वाटते. आम्हालाही चित्रीकरणापूर्वी तसेच वाटत होते. प्रत्यक्षात येथील बहुतेक घरे एकाच वस्तीतील आणि एकमेकांच्या नात्यातील आहेत. त्यामुळे घमेल्यासमोर गुडघे टेकताना जात आडवी येत नाही, आडवे येते ते बांधावरून झालेले भांडण, लग्नातील मानपान, उसने घेऊन परत न केलेले पैसे. वर्षभर न बोललेले दोन चुलतभाऊ एकमेकांसमोर बसतात, पाणी ओततात, रुमालाने पाय पुसतात. कधी कधी एखादा जण त्या दिवशी येतच नाही, आणि तो का आला नाही हे सगळ्यांना ठाऊक असते.

मंडळी वाढली का, या प्रश्नाचे उत्तर नोंदवही एक देते आणि सतरंजी दुसरे. मुले शिकायला लासलगावच्या किंवा पुण्याच्या शाळा-महाविद्यालयांत गेली आणि बरीचशी तिकडेच नोकरीला लागली. दुसऱ्या गावी गेलेल्या सभासदाचे नाव हलवायचे असेल तर पत्र मागवावे लागते, आणि ते नाव मंडळीसमोर दोन वेगवेगळ्या शब्बाथांना वाचून मग मंजूर होते. मंडळीच्या कारकून बाई ही नावे अगदी सावकाश वाचतात. ज्या मुलीला त्यांनीच शब्बाथ शाळेत पहिले गाणे शिकवले, तिचे नाव दुसऱ्यांदा वाचताना त्या क्षणभर थांबल्या आणि मग पुढच्या सूचनेकडे वळल्या.

(दृश्य : संध्याकाळ. प्रार्थनागृहाच्या पायऱ्यांवर बसलेली माणसे पश्चिमेकडे पाहत आहेत.)

डिसेंबरात येथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. शेवटची प्रार्थना होते, आणि बाया पदराखालून पिशव्या काढून लगबगीने बाजाराकडे निघतात. तोवर पाले उतरू लागलेली असतात, वांगी आणि संभार (कोथिंबीर) पोत्यात भरला जात असतो. भाजीवाली त्यांना दुरून ओळखते आणि बांधलेले एक पोते पुन्हा सोडते. जूनमध्ये सूर्य सातपर्यंत रेंगाळतो; तेव्हा त्या पोहोचतात तेव्हा चौकात फक्त पालापाचोळा आणि गुरे उरलेली असतात, आणि त्या आठवड्याची भाजी घरच्या तुरीच्या डाळीवर भागते.