कर्कटक घेऊन बसा

[दृश्य: ठाणे, नौपाडा. पावसाळी दुपार. मशीनमधून गुलाबी चौकटींचा कागद सरकत बाहेर येतोय.]

निवेदन:

ईसीजीचा, म्हणजे हृदयातल्या विजेच्या आलेखाचा, कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा, पाच छोट्यांचा एक मोठा ०.२ सेकंदाचा. वेग पट्टीच्या कडेला छापलेला असतो आणि नवशिका नेमका तोच वाचत नाही. मशीन चुकून ५० वर राहिलं, तर ८० ठोके ४० दिसतात आणि धावपळ उगाच होते.

[दृश्य: मनगटावर क्लिप लावणारे हात.]

लाल वायर उजव्या हाताला, पिवळी डाव्या; काळी उजव्या पायाला, हिरवी डाव्या. या वायरींच्या जोड्यांतून हृदय वेगवेगळ्या बाजूंनी दिसतं; अशा प्रत्येक नोंदीला लीड म्हणतात. लाल-पिवळीची अदलाबदल झाली की लीड वनमध्ये सगळंच उलटं उमटतं. पावसाळ्यात घामट कातडीवर इलेक्ट्रोड धड टेकत नाही आणि रेघ लाटेसारखी डोलते. आधी गॉझने कोरडं पुसा. रेघेला करवतीसारखे बारीक दात आले असतील, तर मोजा. एका छोट्या चौकोनात दोन दात भरले, तर ती ५० हर्ट्झची घरगुती वीज. हृदयाचा त्यात काही दोष नाही.

[दृश्य: शाळेच्या कंपासपेटीतलं कर्कटक पट्टीवर.]

आता ताल. कर्कटकाची टोकं लागोपाठच्या दोन आर शिखरांवर, म्हणजे ठोक्यांच्या उंच टोकांवर, ठेवा आणि तेच अंतर पुढे चालवत न्या. बरोबर बसत गेलं, तर ताल नियमित; ३०० ला मधल्या मोठ्या चौकोनांनी भागा, मिनिटाचे ठोके आले. अनियमित असेल, तर ३० मोठ्या चौकोनांतले, म्हणजे सहा सेकंदांतले, क्यूआरएस (खालच्या कप्प्यांच्या ठोक्याचे टोकदार आकार) मोजून दहाने गुणा. मग लीड टूमध्ये पी लहर, म्हणजे क्यूआरएसच्या आधीचा वरच्या कप्प्यांचा छोटा उंचवटा, शोधा. पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंत तीन ते पाच छोटे चौकोन; हा पीआर. क्यूआरएस स्वतः तिनाहून अरुंद.

फसवणूक होते ती मिनिटाला १५० ठोक्यांवर. ताल घड्याळासारखा, क्यूआरएस अरुंद, मशीनने वर छापलेलं ‘सायनस टॅकिकार्डिया’, म्हणजे नेहमीचाच ताल, फक्त वेगवान. विश्वास ठेवू नका. एट्रियल फ्लटरमध्ये वरचे कप्पे मिनिटाला ३०० च्या आसपास वळवळतात आणि वरच्या-खालच्या कप्प्यांमधलं दार, म्हणजे एव्ही नोड, बहुतेकदा दोनातली एकच लहर खाली सोडतं. कर्कटक निम्मं करा, एका मोठ्या चौकोनाएवढं. दुसरी लहर टी लहरीच्या, म्हणजे क्यूआरएसनंतरच्या उंचवट्याच्या, अंगात किंवा क्यूआरएसच्या शेपटीत दडलेली सापडते. पाच मिनिटांनी पुन्हा पट्टी काढा. सायनसचा वेग थोडाफार हलतो, फ्लटर १५० ला चिकटून बसतो.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरचे कप्पे बेताल थरथरतात; कर्कटक कुठेच बसत नाही आणि पी नसतेच. पण पार्किन्सनच्या थरथरीनेही रेघ तशीच भासते. उजवा हात थरथरत असेल, तर लीड थ्री बघा. तिच्यात उजव्या हाताचा संबंध नाही, त्यामुळे तिथे पी स्वच्छ दिसते.

[दृश्य: ठाणे स्टेशन. एकीकडे कल्याण लोकल, दुसरीकडे पनवेलची गाडी.]

मेन लाइनचं वेळापत्रक वेगळं, ट्रान्स-हार्बरचं वेगळं. कधी दोन्ही गाड्या एकदम लागतात, तो निव्वळ योगायोग. कम्प्लीट हार्ट ब्लॉकमध्ये वरच्या कप्प्यांचा संदेश खाली पोचतच नाही. तो असाच वाचायचा: पी आपल्या अंतराने, क्यूआरएस आपल्या, संथ अंतराने. दोन्ही वेगवेगळे मोजा. अर्धवट ब्लॉकचे दोन प्रकार. वेंकेबाखमध्ये पीआर ठोक्यागणिक लांबत जातो आणि मग एक क्यूआरएस गळतो. मोबिट्झ टूमध्ये पीआर तेवढाच राहतो आणि सूचना न देता क्यूआरएस गळतो. तो जास्त घातक.

क्यूआरएस रुंद आणि वेग जास्त, मग दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ती व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियाच, म्हणजे खालच्या कप्प्यांतून उठलेली घातक धाव. इथे कर्कटक बाजूला ठेवा, नाडी बघा. आणि पट्टीवर थैमान दिसतंय, पण पेशंट बसून दात घासतोय? नाडीही नीट लागतेय? मग ते थैमान हाताच्या हालचालीचं असू शकतं; कर्कटक पुन्हा उचला. आधीच्या आर-आर अंतराने चालवत नेलं की त्या गोंधळातूनही मूळ क्यूआरएसची टोकं आपापल्या जागी डोकावताना दिसतात.