बेदाण्याला वारा, इन्व्हर्टरला कोंडवाडा

[दृश्य : जाळीच्या शेडमध्ये थरांवर पसरलेली द्राक्षं. वाऱ्याचा आवाज.]

तासगाव तालुक्यातला एप्रिल. रॅकवर बेदाणा वाळतोय. उन्हाचा कवडसाही आत येत नाही, इथं काम करतो तो वारा. शेड बांधताना आबांनी आधी वाऱ्याची दिशा बघितली, मग खांब रोवले.

आणि याच आबांनी घरच्या सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, पश्चिमेच्या पडवीत, पत्र्याखाली, चक्क फळ्यांच्या कपाटात बसवून घेतला. धूळ नको, पोरांचे हात नकोत म्हणून. वर खोकी, खाली खताची पोती.

"दुपार झाली की मान टाकतंय बघा," आबा सांगतात. "उन्हावरचं यंत्र, आन् उन्हालाच भितंय!"

संच तीन किलोवॉटचा. पॅनेलवर छापलेली क्षमता मोजतात ती पॅनेल 25 अंशांवर असताना. एप्रिलच्या दुपारी तेच पॅनेल 60-65 अंशांपर्यंत सहज तापतं. पंचविशीच्या वर दर अंशाला साधारण 0.35 टक्के वीज घटते, म्हणजे 40 अंशांना 14 टक्के. एवढी घट सोसावीच लागते. पॅनेलखाली वीतभर मोकळी फट असली तर थोडा दिलासा, इतकंच.

इन्व्हर्टरचं दुखणं निराळं. पॅनेलच्या डीसी विजेची घरात चालणारी एसी वीज करताना दोन-तीन टक्के वीज उष्णता होऊन बाहेर पडते. तीन किलोवॉटला 60 ते 90 वॉट. कपाटात जुना पिवळा बल्ब दिवसभर पेटता ठेवावा, तसं. पाठीवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या ही उष्णता हवेत सोडतात, पण हवाच कोंडलेली असेल तर सोडणार कुठं? मग यंत्र आधी उत्पादन आवरतं, आणि तेवढ्यानं भागलं नाही की बंद पडतं.

[दृश्य : मोबाइलवरचा वीजनिर्मितीचा आलेख.]

नातवाच्या मोबाइलवर सकाळची रेघ छान चढत गेलीय. अकराच्या पुढं मात्र सपाट, टेकडीचा माथा विळ्यानं उडवावा तशी. इन्व्हर्टरच्या मानानं पॅनेल जास्त असली तरी रेघ अशीच कापली जाते, पण मग ती जानेवारीतही कापलेली दिसते. आबांचा जानेवारीचा आलेख गोल आहे. म्हणजे हे तापल्याचंच लक्षण. रेघ धाडकन शून्यावर येऊन काही मिनिटांनी पुन्हा उभी राहत असती, तर शंका लाइनच्या वाढलेल्या व्होल्टेजची घेतली असती. तिथं कितीही पंखे लावा, फरक पडत नाही.

मध्यंतरी घरच्यांनी इन्व्हर्टरवर ओलं गोणपाट टाकून बघितलं. माठाला चालतं ते. विजेच्या यंत्रावर पाणी म्हणजे जिवाशी खेळ, शिवाय उरलीसुरली हवाही बंद!

[दृश्य : गच्ची. वायरमन पॅनेलखाली वाकलेला.]

इथं आणखी एक गोष्ट सापडली. पॅनेलच्या वायरी जोडणारे बाकीचे कनेक्टर काळेभोर, एक मात्र तपकिरी पडलेला आणि एका कडेला मेणासारखा ओघळलेला. आतला जोड नीट दाबलेला नव्हता. ढिल्या जोडात रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, वाढतो, रोधानं जोड तापतो, तापून आणखी ढिला होतो. हे सावलीनं बरं होणारं नाही. कनेक्टर बदलायचा, आणि तोही जाणकारानंच. चालू असताना तो उपसायचा तर कधीच नाही. एसीचा प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळं ठिणगीला विझायला वाव मिळतो. डीसीची ठिणगी जळतच राहते. म्हणून वायरमननं आधी एसी बंद केली, मग डीसी स्विच पाडला, मीटरनं प्रवाह तपासला आणि मगच हात घातला.

त्यानंतर इन्व्हर्टर हलला. उत्तरेच्या भिंतीवर, वळचणीखाली, चारी बाजूंनी मोकळा. वळचण कशाला, असं आबांनी विचारलंच. तर मेच्या सुरुवातीला सांगलीत सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि पुढं काही आठवडे थोडा उत्तरेकडून जातो. पावसाचंही बघायला हवं.

पॅनेल धुणं आता सकाळी लवकर, काच गार असताना. तापल्या काचेवर बोअरचं गार पाणी मारलं तर तडा जाण्याची भीती.

[दृश्य : पडवीतली जुनी भिंत.]

इथं स्क्रूची चार भोकं राहिलीत. आबांनी त्यांत खुंट्या ठोकल्या आणि शेडच्या जादा जाळ्या अडकवून ठेवल्या.