ओके: एका थट्टेचा प्रवास

[दृश्य: जुन्या वर्तमानपत्राचं पिवळं पडलेलं पान]

२३ मार्च १८३९. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातलं 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट' हे दैनिक. आतल्या पानावर एक फुटकळ मजकूर आहे. घंटा वाजवण्याच्या वादातून निघालेल्या एका गमत्या मंडळाबद्दल. त्यात दोन अक्षरं येतात, ओ आणि के. पुढे खुलासा: 'ऑल करेक्ट', म्हणजे सगळं बरोबर.

पण 'ऑल'चं पहिलं अक्षर ए आणि 'करेक्ट'चं सी. मग ओके कसं? तीच तर गंमत. बॉस्टनच्या पत्रकारांना तेव्हा स्पेलिंग मुद्दाम चुकवून त्याची आद्याक्षरं छापायचा नाद लागला होता. 'ऑल राइट'साठी ओ-डब्ल्यू, 'नो गो'साठी के-जी. सगळं बरोबर आहे, हे सांगणारी दोन्ही अक्षरं चूक! बाकीचे विनोद वर्षा-दोन वर्षांत विरले. ओके टिकलं, ते राजकारणामुळे.

[दृश्य: निवडणूक प्रचाराची जुनी चित्रं]

१८४० साली राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा निवडणुकीला उभे होते. त्यांचं गाव किंडरहूक, म्हणून टोपणनाव 'ओल्ड किंडरहूक'. समर्थकांनी न्यू यॉर्कमध्ये ओके क्लब काढले. विरोधक कसले गप्प बसतात! त्यांनी आवई उठवली की आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना शुद्धलेखन येत नसे, तेच कागदांवर ओके असा शेरा मारत. व्हॅन ब्युरेन हरले. ओके मात्र तोवर तोंडोतोंडी झालं होतं.

ही आवई लोकांनी पुढे कित्येक वर्षं खरी मानली. ओके हा अमेरिकेतल्या चोक्टॉ या आदिवासी भाषेतला शब्द आहे, असंही अनेकांना वाटे. अखेर कोलंबिया विद्यापीठातले ॲलन वॉकर रीड यांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली उपसल्या आणि १९६३-६४ मध्ये बॉस्टनचा छडा लावला.

त्याच्या कितीतरी आधी तारेने संदेश पाठवणाऱ्यांनी ओके उचललं होतं. संदेश पोचला, एवढंच त्यांना कळवायचं असे. तो आवडला की नाही, हे कोण विचारतंय? ओकेची खरी ताकद तिथेच आहे, असं मला वाटतं. ते होकार देतं, पण मत देत नाही. साहेब बिल ओके करतात, कारखान्यात तपासलेल्या मालावर ओकेचा शिक्का बसतो. आणि लांबलचक मेसेजला नुसतं 'ओके' आलं, की समोरचा रागावलाय का, हा विचार रात्रभर पुरतो.

[दृश्य: महामार्ग, ट्रकच्या पाठी]

आपल्याकडे ट्रकच्या पाठीवरच्या 'हॉर्न ओके प्लीज'मधल्या ओकेचा अर्थ विचाराल, तर जितकी तोंडं तितकी उत्तरं. त्या ओळीने विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं, म्हणून २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने ती लिहायला बंदी घातली. ट्रकवाल्यांनी ती किती मनावर घेतली, ते रस्त्यावर दिसतंच.

मग २०२२ साल. सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर तिथली झाडी, डोंगर आणि हॉटेल यांचं वर्णन करतात आणि 'ओक्के' साऱ्या महाराष्ट्रात गाजतं. क दुप्पट झाला आणि मत न देणारा शब्द थेट कौतुकाला लागला. सांगोल्याने बॉस्टनवर केलेली ही सुधारणाच म्हणायची.

[दृश्य: मालवण, स्कूबाची बोट]

मालवणच्या समुद्रात मात्र ओकेचा अर्थ चोख ठेवावा लागतो. पाण्याखाली बोलता येत नाही. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला, की 'मी ठीक आहे'. उत्साहाच्या भरात काही जण अंगठाच वर करतात. पाणबुड्यांच्या खुणांमध्ये त्याचा अर्थ 'वर चला'. मासे बघायचे राहतात बाजूला आणि प्रशिक्षक पाहुण्यांना घेऊन वर निघतो.