हिस्टोग्रामच्या वजाबाकीत आलेले ऋण आकडे पुसू नका

नमस्कार. नाशिकच्या द्राक्षबागांना पोटॅश दिले जाते, आणि निसर्गातल्या पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० हा किरणोत्सर्गी समस्थानिक अल्प प्रमाणात असतोच. त्यामुळे अशा बागेतली माती डब्यात भरून सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरजवळ (गॅमा किरण टिपणाऱ्या उपकरणाजवळ) बराच वेळ ठेवली, तर १४६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या आसपास गॅमा किरणांचे शिखर दिसू लागते. मात्र भिंतींतून आणि जमिनीतूनही गॅमा किरण येत असल्याने रिकाम्या डब्याचा हिस्टोग्राम (ऊर्जेच्या प्रत्येक रकान्यात किती नोंदी आल्या हे दाखवणारा आलेख) वेगळा घेऊन तो वजा करावा लागतो, आणि तेव्हा काही रकान्यांत ऋण आकडे येतात.

नोंदींची संख्या उणे कशी असेल, असे म्हणून अनेक विद्यार्थी तिथे शून्य लिहितात. कृपया तसे करू नका. समजा, एका रकान्यात मातीच्या ४१ आणि तेवढ्याच वेळात रिकाम्या डब्याच्या ४८ नोंदी आहेत. फरक उणे ७. पॉयसाँ वितरणानुसार, म्हणजे यादृच्छिक घटनांच्या मोजणीला लागू होणाऱ्या नियमानुसार, त्याची अनिश्चितता ४१ अधिक ४८, म्हणजे ८९ चे वर्गमूळ, सुमारे ९.४, उरलेल्या ७ चे वर्गमूळ नव्हे. म्हणजे हा आकडा शून्याशी पूर्ण सुसंगत आहे.

आता असे १०० रकाने घ्या, ज्यांत खरा फरक शून्यच आहे. ऋण आकडे ठेवले तर धन आणि ऋण एकमेकांना रद्द करतात आणि बेरीज शून्याभोवती, साधारण ९४ ने वर-खाली राहते. ऋण आकडे पुसले, तर प्रत्येक रकान्यात सरासरी पावणेचार नोंदी फुकट वाढतात आणि मातीत नसलेल्या सुमारे ३७५ नोंदी आपण स्वतः तयार करतो. माझ्या मते ही चूक गंभीर आहे, कारण आलेख मात्र अधिक नीटनेटका दिसतो.

शेजारशेजारचे अनेक रकाने सलग ऋण असतील, तर मात्र थांबून कारण शोधायला हवे. दोन्ही मोजणींचा वेळ वेगळा असताना योग्य गुणक लावला नसेल. किंवा थंडीतल्या पहाटे एक आणि दुपारी दुसरी मोजणी घेतल्यामुळे डिटेक्टरचे शिखर सरकले असेल, आणि मग शिखराच्या एका बाजूला धन उंचवटा तर दुसऱ्या बाजूला ऋण खळगा दिसतो. मातीचा डबा स्वतःच खालून येणारे किरण अडवतो, हेही विसरू नये.

नोंदी फारच कमी असतील, तर वजाबाकी न करता दोन्ही हिस्टोग्रामना पॉयसाँ संभाव्यतेने एकत्रच प्रतिमान (अपेक्षित नोंदी सांगणारे गणिती सूत्र) जुळवावे.