शिलालेख वाचणारी राजकन्या

(सायंकालीन व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापला आहे, ‘थायलंडच्या राजकन्या महाचक्री सिरिंधोर्न : जीवन आणि सार्वजनिक कार्य’. कार्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एका शिलालेखाबद्दल आणि एका चोरीला गेलेल्या शिळेबद्दल बोलू द्या. बऱ्याच दिवसांपासून ते मनात आहे आणि आज समोर ऐकायला तयार असलेली माणसं बसली आहेत.

आपल्याकडे या बाईंची बातमी येते ती संस्कृतमुळे. २०१५ साली बँकॉकला जागतिक संस्कृत परिषद भरली, त्यांच्या साठाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने. सुषमा स्वराज तिथे संस्कृतमधून बोलल्या. पुढे भारताने राजकन्येला जागतिक संस्कृत पुरस्कार दिला, २०१७ मध्ये पद्मभूषण दिलं. ‘परदेशी राजकन्येला संस्कृत येतं’ एवढं वाचून आपण सुखावतो आणि पान उलटतो. माझी तक्रार इथेच आहे. तिने त्या संस्कृतचं केलं काय, हे कुणी विचारतच नाही.

आधी जीवन थोडक्यात. जन्म २ एप्रिल १९५५, थायलंडचे राजे भूमिबोल आणि राणी सिरिकित यांचं तिसरं अपत्य. शाळा राजवाड्याच्या आवारातली, चित्रलदा. १९७३ मध्ये बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठात प्रवेश. ते वर्ष लक्षात ठेवा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लष्करी राजवटीविरुद्ध विद्यार्थी लाखोंनी रस्त्यावर आले, १४ तारखेला गोळीबार झाला आणि पळणारी मुलं चित्रलदा राजवाड्याच्या फाटकातून आत घेतली गेली. अठरा वर्षांची ही मुलगी विद्यापीठात पहिल्या वर्षाला होती आणि तिच्या वयाची मुलं जीव वाचवायला तिच्याच घराच्या अंगणात शिरत होती. पुढे तिने विषय निवडला इतिहास. पहिला वर्ग, सुवर्णपदक. १९७७ च्या डिसेंबरात वडिलांनी ‘महाचक्री’ हा मोठा किताब दिला. तेव्हा ती बाविशीत होती आणि शिल्पाकर विद्यापीठात शिलालेख वाचायला शिकत होती.

आता येऊ या फनोम रुंगकडे.

थायलंडच्या ईशान्येला बुरीराम प्रांतात एक विझलेला ज्वालामुखी आहे. त्याच्या माथ्यावर फनोम रुंग हे ख्मेर, म्हणजे जुन्या कंबोडियाच्या, राजवटीच्या काळातलं शिवमंदिर आहे. मुख्य शिखर बाराव्या शतकातलं. वर जायचा लांबलचक दगडी मार्ग आहे, नागांचे कठडे असलेले पूल आहेत, आणि देवळाचे पंधरा दरवाजे एका सरळ रेषेत आहेत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उगवता सूर्य त्या पंधराही दरवाजांतून आरपार दिसतो. या देवळात संस्कृत शिलालेख सापडले, लिपी ख्मेर. त्यांतला एक हिरण्य नावाच्या मुलाने आपल्या वडिलांची, नरेंद्रादित्याची, थोरवी सांगणारा आहे. हा नरेंद्रादित्य कंबोडियातलं अंगकोर वाट हे देऊळ बांधणाऱ्या दुसऱ्या सूर्यवर्म्याचा आप्त. सिरिंधोर्न यांचा एम.ए.चा प्रबंध याच फनोम रुंगच्या शिलालेखांवर आहे. नंतर चुलालाँगकॉर्नमधून पाली-संस्कृतची दुसरी एम.ए.ही केली, थेरवाद या बौद्ध परंपरेतल्या दहा पारमितांवर, म्हणजे दहा सद्गुणांवर. संस्कृत शिकवणाऱ्यांत आपले सत्यव्रत शास्त्री होते. थाई रामकथेवर संस्कृत महाकाव्य लिहिणारे ते हेच.

इथे किती जणांनी स्वतः शिलालेख वाचायचा प्रयत्न केला आहे? हात वर करा. चार. चांगलं आहे, मला दोनच वाटले होते. मग या चौघांना ठाऊक असेल, की हे काम माणसाला एक सवय लावतं. झिजलेलं अक्षर दिसत नसेल, तर ते दिसत नाही असंच लिहायचं. आपल्याला हवं म्हणून तिथे अक्षर घालायचं नाही. ओळ तुटली असेल तर ती तुटलेलीच छापायची. आधी नोंद, मग अर्थ. (जाता जाता हात जोडून सांगतो, तुमच्या गावच्या देवळात लेख असलेला दगड असेल, वीरगळ असेल, गद्धेगाळ म्हणजे शाप कोरलेला दगड असेल, तर जीर्णोद्धाराच्या उत्साहात त्यावर ऑइलपेंट फासू देऊ नका. आमच्या भागात मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. अक्षरं बुजली ती बुजलीच.)

तर ती शिळा. फनोम रुंगच्या मंडपाच्या पूर्व दारावर नटराज आहे आणि त्याच्या खाली, दाराच्या माथ्यावरच्या शिळेवर, शेषशायी विष्णू. नाभीतून कमळ, कमळावर ब्रह्मदेव. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ही शिळा देवळातून नाहीशी झाली. कुठे गेली? १९६७ पासून ती शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये मांडलेली होती, तिथल्या एका संग्राहक कुटुंबाच्या प्रतिष्ठानाच्या मालकीची म्हणून! पुरातत्त्वाचे थाई प्राध्यापक राजपुत्र सुभद्रदिस दिस्कुल यांनी तिथे ती ओळखली आणि मग परत मागणं सुरू झालं. वर्षांमागून वर्षं गेली. इकडे देवळाची दुरुस्ती चालू होती. एकेक दगड उतरवायचा, क्रमांक घालायचा, पाया पक्का करायचा आणि तोच दगड पुन्हा त्याच्याच जागी बसवायचा. हे काम १९७१ पासून सतरा वर्षं चाललं. २१ मे १९८८ रोजी देऊळ लोकांसाठी खुलं झालं, आणि ते कुणाच्या हस्ते? सिरिंधोर्न यांच्या.

तो दिवस डोळ्यांपुढे आणा. ज्या देवळाचे शिलालेख वाचून त्या पदव्युत्तर झाल्या, त्या देवळाचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते होतं आहे, आणि त्या दाराची खरी शिळा त्या क्षणी समुद्रापार आहे! त्या वर्षी थायलंडभर मागणी पेटली. विद्यार्थी, वर्तमानपत्रं, गायक, शिकागोतले थाई लोक सगळे मागे लागले, संग्रहालयाच्या दारात निदर्शनं झाली. नोव्हेंबर १९८८ मध्ये शिळा परत आली. आज ती आपल्या दारावर आहे. यात राजकन्येचा हात होता असा माझा दावा नाही. मला एवढंच म्हणायचं आहे, की दगड जिथला असतो तिथेच तो पुरता वाचता येतो. हे ज्या पिढीने लढून मिळवलं, त्या पिढीच्या त्या अभ्यासक आहेत.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. दहा मिनिटं उरली आहेत आणि सार्वजनिक कार्य सगळं राहिलं आहे. भरभर सांगतो.

१९८० हे वर्ष धरा. त्या वर्षी त्या चुलाचोमक्लाओ लष्करी अकादमीत इतिहास शिकवू लागल्या, आणि २०१५ मध्ये साठाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिल्या. राजघराण्यातल्या व्यक्तीने पस्तीस वर्षं वर्ग घेतले, याहून मोठी गोष्ट मला सांगता येणार नाही.

त्याच वर्षी दुसरं काम सुरू झालं. थायलंडच्या सीमेवरच्या डोंगराळ भागात सीमा पोलीसच शाळा चालवतात, १९५६ पासून. गणवेशातला पोलीस हाच मास्तर. तिथली मुलं उपाशी वर्गात बसतात हे पाहून सिरिंधोर्न यांनी तीन शाळांत भोजनासाठी शेती सुरू केली. शिजवलेलं अन्न बाहेरून पाठवायचं नाही. बियाणं, अवजारं आणि माहिती द्यायची. मुलांनी भाजी लावायची, कोंबड्या आणि मासे पाळायचे, ते शाळेच्या स्वयंपाकघरात जायचं. पुढे शाळेत सहकारी संस्था आल्या. पिकवलेला माल संस्थेला विकायचा, तिच्याकडून स्वयंपाकघराने घ्यायचा, हिशेबाची वही मुलांनी लिहायची. गणित त्यातच आलं. मुलांची वजनं-उंच्या नियमित नोंदवल्या गेल्या. डोंगराळ भागात आयोडीनची कमतरता होती, तिच्यावर वेगळं काम उभं राहिलं.

माझं म्हणणं हे, की फनोम रुंगची ती विद्यार्थिनी आणि कोंबड्यांच्या खुराड्याशी वही घेऊन उभी असलेली राजकन्या या दोन बाया नाहीत. त्यांचे फोटो पाहा, हातात वही आणि गळ्यात कॅमेरा जवळजवळ नेहमी असतो. मूल अशक्त ‘दिसतं’ यावर त्या थांबल्या नाहीत. वजन किती, उंची किती, गेल्या खेपेला किती होती, हे लिहून घेतलं. आधी नोंद, मग अर्थ. १९८७ ची त्यांची डॉक्टरेटसुद्धा कुठल्या दुर्मीळ पोथीवर नाही, शाळेत थाई भाषा शिकवायच्या साधनांवर आहे.

बाकी नुसतं सांगतो. १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार, २००४ चा इंदिरा गांधी शांतता पुरस्कार. शाळेतल्या भोजनाचं काम लाओस, कंबोडियापर्यंत गेलं. चिनी शिकून चिनी कथांचे थाई अनुवाद केले. अपंगांसाठी, कैद्यांसाठी संगणक शिक्षण आणलं. २०१५ पासून आग्नेय आशियातल्या अकरा देशांतल्या शिक्षकांना त्यांच्या नावाचा पुरस्कार दर दोन वर्षांनी मिळतो. यातल्या एकेकावर एक संध्याकाळ लागेल.

प्रश्न बाहेर चहा घेताना विचारा. शालेय पोषण आहाराचं आणि परसबागांचं काम करणारे काही शिक्षक सभागृहात आहेत असं संयोजक म्हणाले. त्यांनी कृपा करून लगेच निघू नये. त्यांच्या शाळेत बागेचा हिशेब कोण लिहितं, मुलं की मास्तर, हे मला त्यांच्याकडून ऐकायचं आहे.