३० सप्टेंबरचा पट

श्रोतेहो, नमस्कार.

डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्याच्या पदविकेच्या वर्गात शिक्षणविषयक धोरणाचा घटक सुरू झाला की पोरं पेंगायला लागतात. कोठारी आयोग १९६४ ते ६६, घटनेची ८६ वी दुरुस्ती २००२ ची, शिक्षण हक्क कायदा २००९ चा. सालं पाठ केली की गुण मिळतात, मग कोण कशाला डोकं लावतंय? म्हणून मी फळ्यावर एक गाव मांडतो. काल्पनिकच, पण बीड जिल्ह्यातलं. पहिली ते पाचवीची शाळा, पटावर ६४ लेकरं. सांगा, शिक्षक किती?

कायद्याच्या परिशिष्टात ६० लेकरांपर्यंत दोन शिक्षक आहेत, ६१ ते ९० ला तीन. उत्तर पटकन येतं, तीन. मग मी त्याच शाळेची जानेवारीतली हजेरी फळ्यावर लिहितो. २७.

ऊसतोड मजुरांच्या कोपीत, म्हणजे झोपडीत दिवस काढलेलं एखादं पोरगं वर्गात असतंच, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते. दसरा-दिवाळी झाली की नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, पश्चिम महाराष्ट्राकडं नाहीतर कर्नाटकात निघतो, आणि लेकरंही गाडीत बसतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, गावाकडं येणं नाही. शिक्षक ठरवताना पट मात्र ३० सप्टेंबरचा धरलेला असतो. तो खोटा नसतो बरं का. त्या दिवशी ६४ लेकरं खरोखर गावात असतात.

इथून पुढं वर्ग जागा होतो. प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, हा नियम सगळ्यांना सारखा. पण जानेवारीत या लेकराचं घर कुठं धरायचं? कोणी म्हणतं, साखर कारखान्याच्या तळावर शाळा भरवा. दुसरं विचारतं, एप्रिलनंतर त्या शाळेचं काय, आणि सीमेपलीकडं गेलेल्या लेकराला मराठीतून कोण शिकवणार? स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे कायद्याच्या कलम ९ नं स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य ठरवलंय. पण कोणत्या गावचं प्राधिकरण, जिथून लेकरू गेलं तिथलं की जिथं पोचलं तिथलं? यावर एक तास सहज जातो, आणि मी तो जाऊ देतो.

हंगामी वसतिगृह हा आपल्याकडचा उपाय. लेकरू गावातच राहतं, जेवणाची सोय होते, रात्री आजीकडं झोपतं. पण ज्या घरात आजीच नाही तिथं? आणि दहा वर्षांच्या पोरीला आईनं तान्ह्या भावाला सांभाळायला बरोबर नेलं असेल तर? गावात जेवणाची सोय केल्यानं ती पोरगी थांबत नाही. तिच्यासाठी तळावर पाळणाघर लागतं. असलं पाळणाघर शाळेच्या आराखड्यात मी तरी पाहिलेलं नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते आराखड्याचं वेळापत्रक. शाळा विकास आराखडा करायचा शाळा व्यवस्थापन समितीनं. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. तरतूद चांगलीच आहे. पण केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे समिती पहिल्यांदा स्थापन होते त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीआधी किमान तीन महिने आराखडा तयार हवा. म्हणजे डिसेंबर संपायच्या आत. बैठक डिसेंबरवर ढकलली तर तोडीवर गेलेली आई तिथं येणार कशी? गावात मागं राहिलेल्यांनीच मग सगळ्यांचा आराखडा करायचा, आणि कागदावर समानता पूर्ण!

त्यामुळं या पाठाचा गृहपाठ ठरलेला आहे, समितीच्या बैठकीची विषयपत्रिका लिहून आणायची, आणि बैठक पोळ्याच्या सुमाराची. तेव्हा ऊसतोडे गावात असतात. श्रोत्यांपैकी कोणी समितीवर असाल तर तुम्हीही हे करून बघा. कोणतं लेकरू जाणार, कोणाबरोबर, घरी मागं कोण राहतंय, एवढे तीन रकाने पुरे. वसतिगृहाचा प्रस्ताव करायचा तर ही यादी हाताशी हवी, आणि गाड्या सुटल्यावर ती करायला बसलात तर सांगायला घरात माणूस नसतं.

नमस्कार.