शिकारी माशांची समुद्री टाकी: ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी

नमस्कार मंडळी! विषारी काट्यांच्या लायनफिशचा तो छोटा व्हिडिओ टाकल्यापासून खाली एकच प्रश्न येतोय. "ताई, अशी टाकी हवीय, पण रोज तासभर द्यायला वेळ नाही." अहो, रोज तासभर मी तरी कुठे देते? प्रवाळांची रीफ टाकी असती तर कॅल्शियम मोजा, अल्कलिनिटी मोजा, महागडे दिवे लावा, सगळं आलं असतं. शिकारी माशांना यातलं काही लागत नाही. त्यांना लागते मोठी टाकी, कमी सोबती, थंड पाणी आणि खायला घालणाऱ्याचा आवरता हात. पहिल्या तिन्ही गोष्टी पैसे टाकले की मिळतात. चौथीवरून कमेंटमध्ये रोज वाद होतात, म्हणून आज तिच्यावर जास्त बोलणार आहे.

सेटअप पटकन उरकते, कारण तो तुम्ही दहा ठिकाणी पाहिलाय. चार बाय दोन बाय दोन फुटांची टाकी, काच १२ मिमी, पाणी साधारण ४५० लिटर. भरल्यावर वजन अर्ध्या टनाच्या पुढे जातं, तेव्हा वरच्या मजल्यावर राहत असाल तर आधी बिल्डिंगच्या इंजिनिअरला विचारा, मग ऑर्डर द्या. आरओचं पाणी घ्या, त्यात समुद्री मीठ लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास. दगड वगैरे जागा सोडून पहिल्या भरणीला १४ किलोच्या आसपास मीठ जातं. क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२३ दिसलं की बास. तापमान २५ ते २७ अंश. मुंबईचा मे महिना डोळ्यांसमोर आणा आणि चिलरला नाही म्हणू नका. स्किमर, म्हणजे फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, मात्र टाकीच्या दुप्पट क्षमतेचा घ्या. या माशांची घाण भरपूर असते.

"जुहूचं पाणी फुकट आहे ना ताई?" आहे. त्यात शहराचं सांडपाणीही फुकट आहे. पावसाळ्यात त्याची क्षारताही उतरते. नको.

दगडांचं नीट ऐका. आपल्या किनाऱ्यावरचे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणहून आणलेला "लाइव्ह रॉक", म्हणजे समुद्रातून उचललेला प्रवाळाचा दगड, कुणी देऊ केला तर हात जोडा आणि पुढे चला. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे कोरडे दगड घ्या, त्यांच्यावरही जिवाणू तितक्याच आनंदाने राहतात. याच कायद्याच्या संरक्षणाखाली २००१ पासून समुद्री घोडा आणि जायंट ग्रूपरही आहेत, म्हणजे "ताई, मोठा ग्रूपर पाळू का" याचंही उत्तर देऊन झालं.

मग सायकल, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू टाकीत वाढू देणं. टाकीत कोलंबीचा तुकडा टाका, तो कुजू द्या. अमोनिया वर जाईल, मग नायट्राइट, शेवटी नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मासा आणायचा. याला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रिकाम्या टाकीकडे बघत बसायचं, दुसरा इलाज नाही. आणि पाणी आटलं की वरून गोडं पाणी घाला, खारं नाही. वाफ पाण्याची होते, मीठ टाकीतच राहतं. खारं घालत राहिलात तर महिन्याभरात टाकीचं लोणचं होईल.

आता मासे. या मापात मी सुचवेन एक फझी ड्वार्फ लायनफिश, जो सहा-सात इंचांत थांबतो, आणि एक स्नोफ्लेक ईल. दुकानात जो "व्होलिटन" लायनफिश दाखवतात तो लहानपणी गोड दिसतो आणि पंधरा इंचांपर्यंत वाढतो. सोबत ट्रिगरफिश नको, तो लायनफिशचे पंख कुरतडतो. क्लाउनफिश ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, सकाळपर्यंत. तोंडात मावतो तो मासा सोबती नसतो, नाश्ता असतो. ईलसाठी झाकण घट्ट हवं. पाइपच्या कडेला बोटभर फट राहिली तरी ती तिथून बाहेर पडते आणि सोफ्याखाली सापडते. कोळंबी-खेकड्यांची सफाई टोळी तिच्या टाकीत ठेवायची नाही, तिचं जेवणच ते. एकाने विचारलंय, "वाम पाळायची की तळायची?" दादा, ही पाळायची आहे. तळायची वेगळी.

(कॅमेऱ्याजवळ चिमटा धरून) हा बघा, लांब अ‍ॅक्रिलिकचा चिमटा. अर्धा व्हिडिओ याच्यावरच आहे.

"ताई, टाकीत जिवंत गोल्डफिश सोडून शिकार दाखवा ना." दर व्हिडिओखाली. नाही दाखवणार. आणि का नाही ते तीनदा सांगणार आहे, कारण एकदा सांगून कुणी ऐकत नाही.

पहिलं, माशाच्या बाजूने. गोल्डफिशच्या अंगात थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. शिवाय गोड्या पाण्यातल्या माशाची चरबी समुद्री शिकाऱ्याला मानवत नाही, लिव्हर खराब होतं. काही महिने मासा टुणटुणीत दिसतो, मग एक दिवस खाणं सोडतो आणि लोक पाण्याच्या टेस्ट करत बसतात. म्हणून बाजारातली कोलंबी सालासकट, माकूल, तिसऱ्यांचं मांस, आलटून पालटून. धुवून, तुकडे करून फ्रीजरमध्ये ठेवा. काही कोलंबीतही हे एन्झाइम असतं, त्यामुळे रोज तेच एक नको. आमच्या घरी यावरून तंटा असतो. सासूबाईंचं म्हणणं, माकूल आणलंय तर आधी माणसांच्या ताटात जाऊ दे, उरलं तर त्या राक्षसाला.

दुसरं, पाण्याच्या बाजूने. जिवंत मासा सोडला की तो कुणी खाल्ला, अर्धा खाल्ला की दगडामागे मरून पडला, काही कळत नाही. चिमट्याने दिलेला तुकडा गेला की गेला, नाही घेतला तर बाहेर काढता येतो. तुकडा केवढा? माशाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा. किती वेळा? मोठ्या माशाला आठवड्यातून दोनदा-तीनदा. हो, रोज नाही! हा मासा निसर्गातही रोज पोटभर खात नाही. एवढं पाळलंत तर महिन्यातून एकदा वीस टक्के पाणी बदलून भागतं. मेंटेनन्स कमी झालं ते यामुळे, फिल्टरमुळे नाही.

तिसरं, तुमच्याच बाजूने. जिवंत खाण्याची सवय लागलेला मासा पाळलात तर गणपतीला गावी कसे जाल? शेजारच्या काकांना पिशवीतून जिवंत मासे आणायला सांगणार? मेलेलं खायला शिकलेल्या माशासाठी डब्यात तुकडे मोजून ठेवता येतात. किंवा सरळ उपाशी ठेवा. धडधाकट, मोठा लायनफिश आठवडाभर सहज काढतो. काकांना एकच सूचना द्या, "काहीही घालू नका." कारण काका घालतात. एकदा परत आले तेव्हा टाकीतलं पाणी गढूळ झालं होतं आणि काका कौतुकाने सांगत होते, "बिचारा काचेपाशी येऊन बघत होता गं." तो सगळ्यांकडेच तसा बघतो, काका.

सवय लावायची कशी? लायनफिश हालचालीवर झेपावतो. तुकडा चिमट्यात धरून पंपाच्या प्रवाहात हलवत राहायचा, तोही संध्याकाळी दिवे मंद करून. नवा मासा पहिले काही दिवस ढुंकून बघणार नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुमचा धीर सुटतो आणि तुम्ही गप्पी आणायला पळता. तिथेच सगळं फिसकटतं. फारच हट्टी निघाला तर जिवंत करंदीने सुरुवात करा, मग जिवंतासोबत मेलेली, मग नुसती मेलेली. ईलचं सोपं आहे, तिला दिसतं कमी पण वास पक्का. तुकडा नाकाजवळ नेला की काम झालं.

हात पाण्यात घालायचा नाही. लायनफिशच्या पाठीवरचे तेरा काटे विषारी आहेत, पोटाखालचेही. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवा आणि बोटाला आराम पडो न पडो, दवाखान्यात जा. श्वास घ्यायला त्रास झाला तर पाणी तापवत बसू नका, तडक निघा.

शेवटची कमेंट. "नको झाला तर समुद्रात सोडला तर चालेल का?" नाही. १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर, जिथला तो मुळीच नाही, तिथे लायनफिश दिसला. टाक्यांमधून सुटल्याचं मानतात. आज कॅरिबियनभर त्याने लहान माशांचा फडशा पाडलाय. दुकानदाराला परत द्या, नाहीतर दुसऱ्या पाळणाऱ्याला.

लाइट गेल्यावर काय करायचं तेही विचारलंय. बॅटरीवर चालणारा एअर पंप भरलेला ठेवा, तेवढं पुरतं. पुढच्या वेळी स्किमरचा कप उघडून धुताना दाखवते. त्याचा वास स्क्रीनमधून येत नाही, तेवढे तुम्ही नशीबवान.